‘बागुंदि’च्या पुढचा प्रश्न: आरोग्य केंद्र सुधारण्यासाठी लोकांचं म्हणणं कसं गोळा करायचं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत दुपारी तीनच्या सुमाराला एक अक्का उंबऱ्यात बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, शेजारी दोऱ्याची रीळ. माझ्या हातात छापील फॉर्म होता. मी विचारलं, “दवाखान्याची सेवा कशी वाटते?” हात न थांबवता उत्तर आलं, “बागुंदि.” म्हणजे तेलुगूत ‘चांगली आहे’. तिथल्या लोकांची वागणूक? बागुंदि. स्वच्छता? बागुंदि. पाच मिनिटांत फॉर्म भरून झाला. उठता उठता मी सहज विचारलं, “अक्का, बीपीच्या गोळ्या शेवटच्या कधी आणल्या?” तेव्हा हात थांबले. दोन महिने होऊन गेले होते. दवाखाना उघडतो त्याच वेळी कारखान्यात माल द्यायला जावं लागतं. गोळ्या मिळतात त्या पाच दिवसांच्या. पाच दिवसांच्या गोळ्यांसाठी दर वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी कोण बुडवणार? म्हणून गोळी बंद.

फॉर्मवर मात्र सगळीकडे ‘समाधानी’वर खूण झालेली होती.

त्या दुपारनंतर मी तसा फॉर्म पुन्हा वापरला नाही. महिला आरोग्य समितीसोबत, म्हणजे वस्तीतल्याच बायकांच्या गटासोबत, काम करताना जी पद्धत हळूहळू बसत गेली, ती इथे मांडते आहे. ती शहरातल्या वस्तीत चालते, आणि थोडा फरक करून मोहोळ किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या गावातही चालेल.

सुरुवात: हा दवाखाना कुणाच्या हाताखाली आहे?

लोकांकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा: जे उत्तर मिळेल त्यावर सही करून बदल करणारा माणूस कोण. सोलापुरात इथेच बरीच मेहनत वाया जाते, कारण एकाच रस्त्यावरच्या दोन सरकारी दवाखान्यांचे वरिष्ठ वेगळे असतात.

शहरातली नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि प्रसूतिगृहं महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतात. खेड्यातली उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे आधी तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. आपण ज्याला नुसतं ‘सिव्हिल’ म्हणतो ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, त्यामुळे तिथला प्रमुख म्हणजे अधिष्ठाता आणि खातं वैद्यकीय शिक्षणाचं. कामगार विमा रुग्णालयाचा कारभार आणखी वेगळा. महापालिकेच्या केंद्राची तक्रार जिल्हा परिषदेत दिली तर अर्ज टेबलांवरून फिरत राहतो आणि लोकांना वाटतं, सांगून काही उपयोग नाही.

मग एकच केंद्र निवडा. एका नागरी केंद्राकडे साधारण 50,000 लोक असतात, खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे 30,000 आणि उपकेंद्राकडे 5,000. यातला एक तुकडा घ्या आणि विषयही एकच ठेवा: बीपी-शुगरची औषधं, गरोदरपणातली तपासणी, लहान मुलांचं लसीकरण किंवा म्हाताऱ्या माणसांना केंद्रापर्यंत पोहोचणं. ‘आरोग्यसेवा कशी आहे’ हा विषय एवढा मोठा आहे की त्यातून हाती फक्त उसासे लागतात.

केंद्रातल्या माणसांना आधी भेटा

सर्वेक्षण पूर्ण करून, आकडे घेऊन एकदम वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले तर समोरचा माणूस बचावात जातो. त्यात त्याचा दोष नाही. आधी जा. पत्र द्या, पोच घ्या आणि विचारा, “तुम्हाला लोकांकडून काय जाणून घ्यायला आवडेल?” बहुतेकांकडे असा एखादा प्रश्न असतोच: नोंदणी झालेल्या बायका चौथ्या तपासणीला का येत नाहीत, लसीकरणाच्या दिवशी ठराविक गल्लीतली मुलंच का गळतात. तो प्रश्न तुमच्या यादीत घाला. पुढे उत्तरं ऐकायला ते उत्सुक असतील.

परिचारिका, औषध देणारे, आशाताई यांच्याशी वेगळं बोला. आशाताईला वस्तीतलं सगळं माहीत असतं, पण तिचं मानधन ज्या व्यवस्थेतून येतं त्या व्यवस्थेबद्दल ती खुलेपणानं बोलेल अशी अपेक्षा तिच्यावर लादू नका. तिच्याकडून घरांची यादी आणि वेळा घ्या. प्रश्न विचारायला तिला सोबत नेऊ नका, विशेषतः प्रश्न तिच्याच कामाबद्दल असेल तेव्हा.

कुणाला विचारायचं

केंद्रात आलेल्यांना विचारणं सोपं, पण ती आलेली माणसं. अडचण न आलेल्यांची असते. म्हणून निम्मी माणसं केंद्रातून बाहेर पडणारी घ्या आणि निम्मी घरोघरची. घरोघर जाताना ओळखीची घरं निवडू नका. गल्लीच्या टोकापासून सुरू करून दर पाचवं घर घ्या. बंद असेल तर शेजारचं न घेता त्याच घरी पुन्हा एकदा जा, कारण बंद घरातले लोक कामावर गेलेले असतात आणि त्यांचंच म्हणणं नेहमी राहून जातं.

आपल्याकडे हमखास सुटणारे लोक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत: यंत्रमागावर पाळी करणारे पुरुष, घरी विड्या करणाऱ्या बायका, बंद पडलेल्या गिरण्यांमधून निवृत्त झालेले आणि आता खोकल्याने जागे राहणारे आजोबा, नई जिंदगीसारख्या भागातल्या घराबाहेर कमी पडणाऱ्या स्त्रिया, अपंग माणसं, हद्दवाढ भागात नव्याने राहायला आलेली भाडेकरू कुटुंबं. खेड्यात यात ऊसतोडणीची टोळी धरा. दिवाळीनंतर ती फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. तेवढ्या काळात गावात केलेल्या सर्वेक्षणात ती घरं नसतातच, आणि फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या बाळंतिणीला तिथल्या आशाच्या यादीत जागा नसते. कारखान्याच्या तळावर एक फेरी वेगळी ठेवा.

एका केंद्रासाठी साठ ते शंभर माणसं पुरतात. त्याहून जास्त करायचा हट्ट धरला तर कार्यकर्ते थकतात आणि शेवटचे फॉर्म घरी बसून भरले जातात.

कधी जायचं

यावर एक स्वतंत्र परिच्छेद लिहावा लागतो, कारण सोलापूर आहे. ज्या दिवशी गल्लीत पाणी येतं त्या दिवशी जाऊ नका. काही दिवसांआड येणारं पाणी भरून ठेवताना कुणाला दवाखान्याबद्दल बोलायला सवड नसते आणि नसावीच. त्या गल्लीची पाण्याची पाळी आधी विचारून घ्या. एप्रिल-मे महिन्यात अकरा ते चार बाहेर पडू नका, तुमच्यासाठीही आणि पत्र्याच्या घरात भाजून निघालेल्या माणसासाठीही. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तो पंधरवडा सोडा. रमजानात संध्याकाळी जाऊ नका. विडी कामगार बायकांसाठी उत्तम वेळ म्हणजे माल देऊन, घरकाम आवरून त्या पुन्हा सुपाशी बसतात ती दुपार. त्यांच्या शेजारी जमिनीवर बसा. हात तंबाखूने भरलेले असतात, तेव्हा पेन आणि फॉर्म पुढे करू नका. त्या बोलतील, तुम्ही लिहा. काम थांबवायला सांगू नका. प्रत्येक विडीचा हिशेब असतो.

प्रश्न कसे लिहायचे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक नियम पाळला तर अर्धं काम होतं: मत विचारू नका, शेवटच्या वेळी काय घडलं ते विचारा. “वागणूक कशी आहे?” याला उत्तर ‘चांगली’ असंच येणार. परक्या माणसापुढे दवाखान्याची निंदा करणं बऱ्याच जणांना कृतघ्नपणा वाटतो, आणि उद्या पुन्हा त्याच दारात जायचं असतं. पण “मागच्या वेळी गेलात तेव्हा किती वाजता पोहोचलात आणि किती वाजता घरी आलात?” याचं उत्तर माणूस खरं देतो, कारण त्यात कुणाची तक्रार नसते.

औषधांबद्दल आमची यादी आता अशी आहे. घरात बीपी किंवा शुगरची गोळी कुणाला चालू आहे? शेवटच्या गोळ्या कुठून आणल्या? किती दिवसांच्या मिळाल्या? त्या दिवशी कामाचं काय झालं, किती मजुरी बुडाली? एखादी गोळी बाहेरून आणायला सांगितली का, ती चिठ्ठी आहे का, किती पैसे गेले? मधे कधी गोळी बंद पडली का, कशामुळे? गोळी कधी आणि किती घ्यायची हे कुणी समजावून सांगितलं, कुठल्या भाषेत? आणि शेवटी: एकच गोष्ट बदलायची तर कोणती?

आठ प्रश्न, पंधरा मिनिटं. याच्या पुढे माणसाचं लक्ष चुलीवरच्या भाताकडे जातं.

एका वाक्यात दोन प्रश्न घालू नका. “डॉक्टर वेळेवर येतात आणि नीट तपासतात का?” याला ‘हो’ म्हणणारा नेमकं कशाला हो म्हणाला ते कुणालाच कळणार नाही. ‘ओपीडी’, ‘संदर्भसेवा’, ‘असंसर्गजन्य आजार’ असले शब्द फॉर्ममधून काढा. ‘केसपेपर’, ‘चिठ्ठी’, ‘सुई’, ‘पुढं पाठवलं’ हे शब्द चालतात, कारण तेच बोलले जातात.

भाषेचा मुद्दा नीट समजून घ्या. पूर्व भागात घरात तेलुगू बोलली जाते, म्हणून उत्साहाने तेलुगू लिपीत फॉर्म छापायला जाऊ नका. घरात तेलुगू बोलणारे कितीतरी जण मराठी शाळेत शिकलेत; त्यांना बोललेली तेलुगू हवी असते, छापलेली वाचता येत नाही. तेच कन्नडचं. म्हणून फॉर्म मराठीतच ठेवा आणि प्रश्न तोंडी विचारणारी मुलगी त्याच गल्लीतली, ती भाषा घरात बोलणारी निवडा. आधी सगळ्यांनी एकत्र बसून प्रत्येक प्रश्न तेलुगूत, कन्नडमध्ये, हिंदी-उर्दूत कसा म्हणायचा ते ठरवा. ‘मजुरी बुडाली का’ हे एकीने एका प्रकारे आणि दुसरीने दुसऱ्या प्रकारे विचारलं तर उत्तरं एकत्र मोजता येत नाहीत. नंतर पाच घरी जाऊन प्रश्न वापरून बघा. जो प्रश्न समजावून सांगावा लागतो तो चुकीचा लिहिलाय असं समजून पुन्हा लिहा.

समोर बसल्यावर

सुरुवातीला तीन गोष्टी सांगा: आम्ही कोण, हे कशासाठी विचारतोय आणि नाव लिहिणार नाही. उत्तर दिलं नाही तरी दवाखान्यातली सेवा बंद होणार नाही, हेही स्पष्ट म्हणा. ही भीती खरी असते. फॉर्मवर फक्त क्रमांक, गल्ली आणि वय. मोबाइल नंबर, आधार काही नको. फोटो नको. आवाज रेकॉर्ड करायचा मोह टाळा. टीबी, एचआयव्ही, गर्भपात यांबद्दल कुणी आपणहून बोललं तर ऐका, पण ते कागदावर अशा प्रकारे उतरवू नका की गल्लीतल्या कुणी वाचलं तर ओळख पटेल.

सुनेला सासूसमोर बाळंतपणाबद्दल विचारू नका. केंद्राच्या रांगेत, आत जायच्या आधी कुणालाही विचारू नका. बाहेर पडल्यावर, थोड्या अंतरावर, सावलीत विचारा.

कधी एखादी बाई असं काही सांगते की ते सर्वेक्षणात मावत नाही: पैसे मागितले, प्रसूतीच्या वेळी हात उगारला, वेळेत पुढे न पाठवल्यामुळे मूल गेलं. तेव्हा पेन खाली ठेवा. ही स्वतंत्र तक्रार आहे आणि तिचा मार्ग वेगळा. तिला विचारा, तिला ती पुढे न्यायची आहे का. हो म्हणाली तर तिच्या नावाने, तिच्या सहीने लेखी अर्ज, केसपेपरच्या प्रती आणि पोच. ‘आपले सरकार’ पोर्टल किंवा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन अशा वैयक्तिक तक्रारीसाठी आहे. ती नको म्हणाली तर तिथेच थांबा. तिचं दुःख उदाहरण म्हणून सभेत वापरू नका, नाव गाळूनसुद्धा. गल्लीला नाव लागत नाही.

ढीग लावणं

सगळे फॉर्म आले की एका दुपारी सतरंजी टाका आणि विचारणाऱ्या सगळ्याजणी बसा. संगणक नंतर. प्रत्येक अडचण वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चार ढीग करा. पहिल्यात केंद्रातच, पैशाशिवाय किंवा थोडक्यात सुटेल ते: वेळेचा फलक, बाकडं, पिण्याचं पाणी, म्हाताऱ्यांची वेगळी रांग. दुसऱ्यात थोडा निधी लागेल ते. त्यासाठी रुग्ण कल्याण समिती असते आणि महिला आरोग्य समितीला वर्षाकाठी 5,000 रुपयांचा बंधनमुक्त, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी ठरलेला आहे. तिसऱ्यात वरून सुटेल ते: रिक्त पदं, औषधांचा पुरवठा, केंद्राची वेळ. चौथ्या ढिगात जे चांगलं चाललंय ते. हा चौथा ढीग टाकून देऊ नका. ज्या परिचारिकेने रात्री फोन उचलला तिचं काम वरिष्ठांपर्यंत पोहोचलं पाहिजे.

माणसं मोजा, टक्के काढू नका. समजा चाळीस घरी बीपीची गोळी चालू होती आणि त्यातल्या सतराजणांची ती गेल्या तीन महिन्यांत मधे बंद पडली, तर ‘40 पैकी 17’ असंच लिहा. ‘42.5 टक्के’ लिहिलं की चाळीसच लोकांना विचारलं होतं हे झाकलं जातं.

मग प्रत्येक मोठ्या तक्रारीमागचं कारण शोधा. “गोळ्या मिळत नाहीत” हे वाक्य आमच्या चिठ्ठ्यांवर सारखं येत होतं. खोदून पाहिलं तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. काहींना गोळी खरोखरच संपलेली होती. काहींना गोळी होती पण पाच दिवसांचीच दिली जात होती. काहीजण दुपारी गेले तेव्हा औषध खिडकी बंद झाली होती. पहिल्याचा उपाय वरच्या साठ्यात, दुसऱ्याचा वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या एका सूचनेत, तिसऱ्याचा वेळेच्या फलकात. तिन्ही एका वाक्यात कोंबून निवेदन दिलं असतं तर ‘पुरवठ्याअभावी’ असं एक उत्तर येऊन विषय मिटला असता. साठ्याबद्दल शंका असेल तर माहिती अधिकारात साठा नोंदवहीची प्रत मागता येते. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. पण आधी तोंडी विचारा. बऱ्याचदा वही समोर ठेवली जाते.

बैठक

महाराष्ट्रात या कामाला जुना पाया आहे. 2007 पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, आपल्या शेजारचा तेव्हाचा उस्मानाबाद त्यातच होता. गावाने आपल्या केंद्राचं प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात भरायचं आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडायचं अशी ती रीत. रंगांची कल्पना उचलण्यासारखी आहे, कारण अक्षर न येणाऱ्या बाईलाही ती वाचता येते.

जनसुनवाई मात्र पहिल्याच फेरीत घेऊ नका, असं माझं मत आहे. आधी केंद्रातच दहा-बारा जणांची बैठक घ्या: वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, समितीच्या बायका आणि ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या तीन-चार. कागद एकच पान. वर चौथा ढीग, मग तीन मागण्या, त्याहून जास्त नाहीत. मागणी अशी लिहा की ती पूर्ण झाली की नाही हे कुणालाही तपासता येईल. ‘औषधपुरवठा सुधारावा’ असं लिहू नका; ‘बीपी-शुगरच्या नियमित रुग्णांना एका वेळी 30 दिवसांच्या गोळ्या द्याव्यात’ असं लिहा. ‘वेळ सोयीची करावी’ याऐवजी ‘आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सातपर्यंत तपासणी आणि औषध खिडकी दोन्ही चालू ठेवावी’.

बोलणाऱ्या बायका असाव्यात, तुम्ही नाही. आमच्या बैठकीत एका मावशींनी पदराच्या गाठीतून पाच गोळ्यांची अर्धी पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “डॉक्टर, एवढ्यासाठी माझे दोनशे विड्यांचे पैसे गेले.” त्यानंतर आम्हाला आकडे समजावत बसावं लागलं नाही.

प्रत्येक मागणीपुढे कोण करणार आणि कधीपर्यंत हे तिथेच लिहून घ्या, इतिवृत्तावर सह्या घ्या. ‘माझ्या हातात नाही’ असं उत्तर आलं तर विचारा, कुणाच्या हातात आहे, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्याच शेऱ्यासह कागद वर पाठवा. गावात हाच कागद ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आधी लेखी देऊन ठेवा. ऐनवेळच्या विषयात तो हरवतो.

परत गल्लीत

बहुतेक सर्वेक्षणं बैठकीपाशी संपतात. ज्या घरी विचारलं त्या घरी परत गेलात तरच पुढच्या वेळी तुम्हाला खरं उत्तर मिळेल. बैठकीनंतर पंधरा दिवसांच्या आत जा. सांगायचं एवढंच: तुम्ही हे बोललात, यातलं हे झालं, हे झालं नाही, नाही झालं ते यामुळे. झालं नाही ते लपवू नका. संध्याकाळच्या वेळेचा आमचा मुद्दा वर अडकून राहिला तेव्हा तेही गल्लीत जाऊन सांगितलं. बायका चिडल्या, आणि त्यातल्या चौघी पुढच्या बैठकीला आपणहून आल्या.

फलकही लावा, केंद्राच्या दारात आणि गल्लीच्या नळाजवळ. नळाजवळचा जास्त वाचला जातो, पाण्याच्या दिवशी तिथे सगळे उभे असतात.

तीन महिन्यांनी त्याच गल्ल्यांत, त्याच वेळी, त्याच शब्दांत तेच प्रश्न पुन्हा विचारा. प्रश्न बदलला तर आधीच्या उत्तराशी ताडून बघता येत नाही. आम्ही दुसऱ्या फेरीत त्या अक्कांच्या उंबऱ्यात पुन्हा बसलो. सेवा कशी वाटते हे विचारलं नाही. शेवटच्या वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, एवढं विचारलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन डबा आणला आणि पट्ट्या मोजायला माझ्या हातात दिल्या. तीन पट्ट्या होत्या, प्रत्येकी दहाच्या.